सम्यकला आलेला गुण

घाटकोपरच्या त्या इमारतीत शांताबाईने काढा उकळायला ठेवला की वासाने मजल्यावरचे लोक दारं लावून घ्यायचे. वाळलेली शेवंती, सुकलेली लाल फळं आणि कसलीशी मुळं. चेंबूरच्या एका चिनी औषधवाल्याने पुड्या बांधून दिलेल्या. तिच्या मुलाच्या, सम्यकच्या, डोळ्यांचा पडदा कडेकडेने निकामी होत चालला होता. आता नळीतून बघावं तेवढं समोरचंच दिसायचं. ह्याला औषध नाही, म्हणून डॉक्टरांनी हात टेकले होते. शांताबाईने टेकले नव्हते. रोज कप पुढे करून ती विचारायची, "फरक वाटतो ना रे?"

रोज नाही म्हणून म्हणून सम्यक कातावला. एका सकाळी म्हणाला, "हो गं बाई, वाटतो." कटकट मिटली एकदाची, असं त्याला वाटलं.

मिटतेय कसली! आईच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत झालं, शांताबाईच्या पोराला गुण आला.

रविवारी खालच्या मजल्यावरचा दादू वर आला. त्याला साखरेचा आजार, त्यातून डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलेलं. डोळ्यात इंजेक्शनं वेळेवर घेतली तर नजर वाचेल, असं हॉस्पिटलने सांगितलं होतं.

"इंजेक्शन कॅन्सल!" दादू खुशीत म्हणाला. "डोळ्यात सुई कोण टोचून घेणार यार? मी पण तुझाच काढा चालू करतो."

सम्यक घाईघाईने म्हणाला, "दादूकाका, मी खोटं बोललो. काढ्याने काही झालेलं नाही. तुम्ही हॉस्पिटलात जा."

"बघा वहिनी," दादू शांताबाईला म्हणाला, "औषध वाटून घ्यायचं म्हटल्यावर पोरगं कसं फिरलं!"

"शप्पथ खरं सांगतोय!"

"मग ही बोटं किती?" दादूने हात बाजूला धरला. सम्यकला हातच दिसला नाही.

"नाही दिसत."

"मुद्दाम बोलतोयस."

आता काय डोकं फोडून घ्यायचं? दिसतं हे दाखवता येतं, दिसत नाही हे कसं दाखवणार? ऑफिसात, रस्त्यावर, सगळीकडे त्याने हे वर्षानुवर्षं लपवलं होतं. आज ओरडून सांगतोय तर कुणी ऐकायला तयार नाही! तो चिडून आईकडे वळला. "आई, तू तरी सांग ना त्यांना!"

"खरं बोलतोय तो," शांताबाई पदर सावरत म्हणाली. "काल मी दाराच्या कडेला उभी होते, तर सरळ माझ्यावर आदळला. दादूभाऊ, उद्या इंजेक्शन घ्यायला चला. मी येते सोबत."

दादू कुरकुरत खाली गेला. सम्यकला हायसं वाटलं. संपलं एकदाचं. पण थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून उग्र वास येऊ लागला.

"आई! आत्ताच कबूल केलंस ना? मग परत कशाला हे?"

तिने कप त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं त्यावर घट्ट मिटवली.

"दादूला इंजेक्शन आहे रे," ती म्हणाली. "तुला काय आहे?"