देण्यातला ब्लाउजपीस

बाईमाणसानं आपल्या हाताची किंमत तोंडानं सांगायची नाही. समोरची जे देईल ते कपाळाला लावून घ्यायचं. चंद्रभागेला तिच्या आईनं हा नियम सांगितला, आणि वर बजावलं, "याच्यावर वाद नको." त्या वेळी मी चंद्रभागेच्या मांडीवर होतो. समोरचीनं दिलेलं ते 'जे काही' म्हणजे मीच.

मी एक ब्लाउजपीस बोलतोय. रंग पोपटी, जरीच्या नावाखाली पिवळा काठ. मालेगावच्या यंत्रमागावर माझा जन्म झाला आणि एका गठ्ठ्यातून मी नाशिकच्या मेनरोडवर आलो. दुकानात बाई शिरली की मालक पहिलं विचारायचा, "घालायचा दाखवू का द्यायचा?" घालायचे वरच्या फळीवर, द्यायचे खाली. मी खालचा. माझं सूत इतकं विरळ, की शिंप्यानं सुई घातली तर टराटरा फाटेन. हे विणणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत, घेणारीलाही माहीत. तरी बायका मला हळदकुंकू लावून, वर नारळ ठेवून इतक्या मायेनं द्यायच्या, की मलाच माझी लाज वाटायची.

चंद्रभागा त्र्याऐंशी साली बी.ए. झाली. मग रोज बसनं देवळाली कॅम्पला जाऊन एका बाईंच्या पार्लरमध्ये सहा महिने काम शिकली. घरी परत येऊन तिनं पुढच्या खोलीत आरसा लावला, एक खुर्ची ठेवली. गल्लीतल्या बायका आल्या. पहिल्या आल्या शेजारच्या सुलाबाई. आयब्रो झाल्या, फेशियल झालं. आरशात चारदा वळून बघितलं आणि पिशवीतून मला काढलं. "घरचीच पोर तू. तुला पैसे दिले तर बरं दिसंल का गं?"

चंद्रभागेनं मला घेतलं. तिच्या बोटांना कोल्ड क्रीम होतं. त्याचा तेलकट डाग माझ्या कोपऱ्यावर उमटला, तो कायमचा.

आईनं, यशोदाबाईंनी, मला ट्रंकेत टाकलं. बघता बघता आत माझ्यासारखेच अकरा जण जमले! गुलाबी, जांभळे, केशरी. प्रत्येकजण कुणाच्या तरी भुवयांचा, कुणाच्या तरी केसांचा मोबदला. कोल्ड क्रीम, पावडर, दोरा मात्र चंद्रभागा शिकवण्या करून आणायची. वडील पुंजाराम म्हणायचे, "परवडत नसंल तर बंद कर. लग्नाचं बघू."

पुढं यशोदाबाईंनी मला गल्लीतल्या बयाबाईंच्या वास्तुशांतीत दिलं. बयाबाईंनी नणंदेला, नणंदेनं विहिणीला. दीड वर्षात पाच ट्रंका पाहिल्या, पाचही ठिकाणी डांबरगोळ्यांचा तोच वास. शिवणयंत्र एकदाही पाहिलं नाही. माणसं मला देऊन उपकार करायची, घेऊन तोंड वाकडं करायची आणि लगेच पुढं कुणाला खपवता येईल ते बघायची.

मग सुलाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. चंद्रभागा पहाटेपासून चार तास नवरीच्या मागं उभी होती. वेण्या, मेंदी, साडी, चेहरा, सगळं तिनं केलं. बँडवाल्यानं आधी पैसे मोजून घेतले, मगच वाजवायला सुरुवात केली. मांडववाल्यानं घेतले, आचाऱ्यानं घेतले. चंद्रभागेच्या ओटीत सुलाबाईंनी नारळ घातला आणि ब्लाउजपीस घातला.

मीच होतो तो! विहिणीकडून मी फिरून सुलाबाईंच्याच ट्रंकेत आलो होतो.

तिनं कोपरा बघितला. स्वतःच्या बोटाचा डाग तिनं ओळखला. रडेल असं मला वाटलं. पण ती हसली, आणि ते हसू मला रडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ताणून चिकटवलं आणि काळ्या रंगानं माझ्यावर लिहिलं: आयब्रो तीन रुपये. केस कापणे पाच. फेशियल पंधरा. नवरीची तयारी एक्कावन्न. सगळ्यात खाली, ठळक: ब्लाउजपीस घेतला जाणार नाही.

ब्लाउजपीसवरच लिहिलं, आणि ती पाटी दारावर टांगली! जन्मात पहिल्यांदा मी कशाच्या तरी उपयोगी पडलो.

आज माझा पोपटी रंग उन्हानं उडालाय, काठही विरलाय. पण अक्षरं शाबूत आहेत. वाचकांनो, माझ्या जातभाईंना शिवण्याजोगं विणता येत नसेल तर निदान विणू नका. आणि कुणाच्या चार तासांवर आम्हाला पांघरूण म्हणून घालू नका.

हे बोलायचं बळ मला तेव्हा, पाटी टांगली त्या दुपारी आलं. पाटी लागल्याचं गल्लीभर झालं होतं. खोलीत पुंजाराम, यशोदाबाई, पुंजारामांची बहीण विठाबाई, सुलाबाई आणि बयाबाई जमले.

"आता भाकरीचा पण दर लाव म्हणावं," विठाबाई कडाडल्या. "लय शिकली ना!"

"आत्या, भाकरी घरच्यांसाठी करते. नवरी घरची नव्हती."

"आमी परक्या झालो व्हय गं?" सुलाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

पुंजाराम म्हणाले, "चंदा, घराला दुकान करू नको. काढ ती पाटी."

"दादा, तुम्ही दाढीला जाता तिथं पाटी आहे. तिथं ओटी भरता का?"

"तोंड सांभाळून बोल!"

चंद्रभागा उठली. आत गेली, ट्रंक ओढत आणली आणि चटईवर उपडी केली. सतरा ब्लाउजपीस पसरले. सुलाबाईंना आपले तीन दिसले, बयाबाईंना दोन. विठाबाईंचा केशरी वरच पडला होता.

"ही माझी दोन वर्षांची कमाई. तुमच्यापैकी कुणीही यातला एक उचला, शिवून अंगात घाला आणि लग्नाला जा. मी त्याच दिवशी पाटी काढते."

विठाबाईंनी केशरी कापडाकडं पाहिलं आणि पाय मागं घेतला. आईनं, यशोदाबाईंनी, उचलायला हात पुढं केला, बोटांनी पोत चाचपला आणि हात तसाच परत घेतला.

"नाही ना? मग पाटी निघणार नाही."

पंखा फिरत होता. खाली कापडं सळसळत होती.