ऊब पोरीला, गारवा मला

झाकण जरा वर उचला, म्हणजे मला बोलता येईल. मी लशीची पेटी. निळी, जाड भिंतींची. पोटात बर्फाच्या विटा, मधोमध इवल्या कुप्या. दोन ते आठ अंशांतच राहायचं, ही आमच्या घराण्याची शिस्त.

पेरूच्या डोंगरांत एउदोसिया नर्सच्या पाठीवर मी बारा वर्षं हिंडले. माझ्यातली लस गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून वाचवते. तो बहुतेकदा एका विषाणूमुळे होतो, आणि विषाणूने गाठण्याआधीच, कोवळ्या वयात, लस टोचलेली बरी.

सातुर्निना आजीला हे सांगावं लागलं नाही. पोटची लेक तिने याच रोगात गमावली होती. लेकीची मुलगी नेलिदा, वय वर्षं दहा, आता तिच्याच पदरात होती. लस तर हवीच. पण गावाची समजूत अशी, की पोरीच्या पोटात गारठा शिरला की कूस सुकते. म्हातारी दोन्हीकडून अडकली.

लस टोचायच्या दिवशी शाळेचं छप्पर गळत होतं. म्हणून नर्सने मला आजीच्या स्वयंपाकघरात ठेवलं आणि मुलींना आणायला गेली. आजीने संधी साधली. मला अल्पाकाच्या लोकरीच्या तीन घोंगड्यांत गुंडाळलं आणि थेट चुलीशेजारी बसवलं. औषधाचा गारठा मोडावा, एवढाच तिचा हेतू. माझा जीव मात्र टांगणीला लागला. कुप्या नासल्या असत्या, तर नऊ मुलींना पुढच्या फेरीपर्यंत सहा महिने थांबावं लागलं असतं.

एउदोसिया परतली आणि मला पाहताच चुलीकडे धावली. घोंगड्या बाजूला सारून झाकण उघडलं, तापमापी पाहिली. सात अंश! ज्या घोंगड्यांनी मला ऊब द्यायची, त्यांनीच चुलीची धग बाहेर अडवली होती. बाकीचं काम माझ्या भिंतींचं. सांगताना आजही माझी छाती फुगते.

आजी ओशाळून म्हणाली, "पण बाई, एवढं गार पोरीच्या अंगात गेलं तर?"

नर्स रागावली नाही. "औषध गारच लागतं, आजी. ऊब पोरीला द्या."

आजीने चुलीतला भाजलेला बटाटा काढला, नेलिदाच्या मुठीत ठेवला आणि तिला मांडीवर घेतलं. सुई टोचली, तेव्हा पोरगी बटाट्याला फुंकर घालत होती. मग बाकीच्या आठ जणींनीही बटाटा मागितला.

आता माझी कडी तुटली आहे. गारवा टिकत नाही. निवृत्त झाल्यावर मी आजीकडेच आले. नेलिदा शाळेत शिकवते. आता मुलगेही रांगेत उभे राहतात. लशीच्या दिवशी आजी मला घोंगडीत गुंडाळून नेलिदाबरोबर शाळेत धाडते. नवी पेटी कुप्या सांभाळते, आणि माझ्या पोटात वाफाळते बटाटे असतात.

तुमच्या घरी दहा वर्षांचं लेकरू असेल, तर त्यालाही वेळेत घेऊन या. भीती वाटली तरी या. आजीलाही वाटली होती. पण रांगेत नेलिदाला तिनेच पहिलं उभं केलं.