कूलरचं तोंड

"परत लाल!" अमृत वैतागून म्हणाला आणि बाहीने कपाळ पुसलं.

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या खोलीत एकच कूलर होता आणि त्याचं तोंड अमृतकडे नव्हतं, टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे होतं. कंपनी पुण्याची. केळीवाल्या शेतकऱ्यांची नावं आणि मालाची नोंद ठेवणारं तिचं सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स, मोबाइल, सगळीकडे सारखंच पळायला हवं, म्हणून पुण्यात आणि इथे अमृतकडे रोज चाचणी व्हायची. यादी दोन सेकंदांत चाळून झाली की हिरवी खूण, नाहीतर लाल. पुण्यात कायम हिरवी. अमृतकडे सकाळी हिरवी, दुपारी लाल, मध्येच लहर आली की पुन्हा हिरवी. ते दोन सेकंद पुण्यात एसीत बसून ठरवले होते, हे वेगळं सांगायला नको.

"अमृतजी, शुक्रवारपर्यंत सलग शंभर वेळा हिरवं दिसायला हवं," पुण्याच्या ऑफिसातून कामिनी मॅडम फोनवर म्हणाल्या. "नाहीतर जळगावचं काम चालू ठेवणं मला वरच्यांना पटवता येणार नाही."

"मॅडम, इथे पंचेचाळीस डिग्री आहे."

"मग खिडकी बंद ठेवा ना."

अकरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हा सल्ला. अमृतने दात आवळले आणि कोड उघडला.

दुखणं निम्मं कोडमध्येच होतं. प्रत्येक नोंदीला शेतकऱ्याचं नाव शोधायचं, तर यादी दर वेळी पहिल्या नावापासून चाळली जात होती. कुठल्या शहाण्याने हे लिहिलं, म्हणून पाहिलं तर खाली स्वतःचंच नाव. तेव्हा यादीत तीनशे नावं होती, आता चाळीस हजार. चडफडायलाही दुसरं कुणी नव्हतं. त्याने ते सगळं उपटून काढलं आणि नाव थेट सापडेल अशी मांडणी केली. सकाळी यादी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपली. मॅडमनी लगेच दोन सेकंदांची मर्यादाही तेवढीच खाली आणली. दुपारी तीनला पुन्हा लाल.

भडगावहून आलेले त्याचे वडील, तोताराम आबा, भिंतीला टेकून हे सगळं बघत होते.

"काय व्हयनं रे?"

"दुपारले मशीन तापस, आबा. मंग मंद चालस. अन् पुनावाला म्हनतस, काम खराब शे."

आबा हसले. "दुपारले बैल मंद चालस म्हनीसन त्याले कोनी इकस का?" मग कूलरकडे बोट दाखवून म्हणाले, "तू या डबडाले वारा घाली ऱ्हायना. तुले कोन घालस?"

बैलाचं मात्र अमृतच्या डोक्यात बसलं. सेकंद मोजायचेच कशाला? त्याने चाचणीच बदलली. त्याच मशीनवर, त्याच घटकेला, आधी वीस हजार नावं, मग चाळीस हजार. नावं दुप्पट झाली की वेळही दुप्पटच लागायला हवा, चौपट लागला तर कोड वाईट. मशीन थंड असो की तापलेलं, हिशेब तोच.

गुरुवारी भर दुपारी शंभरच्या शंभर हिरव्या. पुण्यात, मोबाइलवर, सगळीकडे. अमृतला फार वर्षांनी स्वतःचा अभिमान वाटला.

शुक्रवारी मॅडमचा फोन आला. "फारच छान केलंत! वरचे सगळे खूश आहेत." मग आवाज जरा खाली गेला. "आता चाचणी कुठेही चालते, त्यामुळे जळगावला वेगळा माणूस लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. महिनाअखेरपर्यंत तुम्ही आहातच."

"म्हणजे लाल राहिलं असतं तरी घरी, आणि हिरवं झालं तरी घरीच?"

"तसं मनाला लावून घेऊ नका, अमृतजी."

अमृतने फोन टेबलावर आपटला.

"काय म्हने ती?" आबांनी विचारलं.

"सगळं हिरवं व्हयनं म्हने, आबा."

आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

अमृत उठला. कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं, दोन्ही हातांनी त्याला कॉम्प्युटरकडून फिरवलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसला. टेबलावर मशीन तापत होतं. खुणा उमटायला वेळ लागत होता, पण एकामागून एक हिरव्याच उमटत होत्या.