हात धुवायची रांग

भरे गावच्या अंगणवाडीत नळ एक आणि पोरं एकोणीस. खिचडी उतरली की एकेकानं हात धुवून यायचं, आणि तोवर उरलेल्या अठरा जणांनी काय करायचं याचं उत्तर कुठल्याही सरकारी कागदावर नाही. रिकामं पोर दोन मिनिटं गप्प बसतं, तिसऱ्या मिनिटाला शेजारच्याला चावतं. बावीस वर्षं हे उत्तर रंभाबाईच्या डब्यात होतं.

ती तिथली मदतनीस. डबा दूध पावडरचा. आत चिंचोके, बाटल्यांची झाकणं, कपड्यांचे चिमटे, एक प्लॅस्टिकची बांगडी, आणि जुन्या ब्लाउजपीसची शिवलेली थैली. थैलीत चार वस्तू टाकायच्या, पोरानं डोळे मिटून आत हात घालायचा आणि हाताला लागेल ते ओळखायचं. "घाई करायची न्हाई. आदी हाताला इचारायचं," रंभाबाई सांगायची. बाकीची पोरं झाकणं लहानमोठी लावत, चिंचोके मोजत. रांग कधी पुढं सरकली ते कोणाला कळायचंही नाही. सेविका सुलक्षणा तेवढ्यात ताटं मांडून घ्यायची. तिला वाटायचं, आपली पोरंच गुणी आहेत.

एप्रिलात पासष्टी भरली, तशी रंभाबाईला शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. मग सामानाची यादी निघाली. कढई, पातेली, सतरा चमचे, वजनकाटा, एकेक वस्तू मोजून ताब्यात देऊन झाली. डबा यादीत नव्हता. बावीस वर्षांत तो कोणाला सामान वाटलाच नव्हता. रंभाबाईच्या मनाला ते लागलं. तिनं डबा काखोटीला मारला आणि घरी आणला. कळू दे जरा, मनाशी म्हणाली.

घर समोरच, मध्ये फक्त रस्ता. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगा शैलेश हिंजवडीत बाराव्या मजल्यावर राहायचा. तिथं ती चार दिवस काढून आली. सगळे आपापल्या कामाला गेले की लिफ्टचा आवाज ऐकत बसायचं, त्यापेक्षा आपलं घर बरं. पण घरी तरी काय होतं? परसातल्या तीन खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी, म्हणून भांडंसुद्धा हळू ठेवायला लागायचं. दिवसभर 'आजी, आजी' ऐकून कान किटलेल्या बाईला आता कोणी हाकच मारत नव्हतं. दिवस खायला उठायचा. कधी कधी ती टीव्हीतल्या बाईलाच "व्हय का?" म्हणायची.

सुट्टी संपून अंगणवाडी भरली. अकरा वाजले की समोरून कालवा सुरू. नवी मदतनीस शुभांगी, कामाला वाघ, पण "गप बसा की रं!" याखेरीज तिच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. कोणी ढकलायचं, कोणी भोकाड पसरायचं. रंभाबाई ओट्यावर डाळ निवडत ऐकायची. खरं सांगायचं तर तिला बरं वाटायचं. लेकरांच्या रडण्यानं बरं वाटतं याची लाज वाटायची, आणि लाज वाटली तरी बरं वाटायचंच. आज येतील, उद्या येतील. सुलक्षणा स्वतः येईल आणि म्हणेल, मावशी, डबा घेऊन चला. डबा पुसूनबिसून दाराशीच ठेवलेला होता.

जुलै सरला. कोणी आलं नाही. एकदा रस्त्यात सुलक्षणा भेटली, "बरं हाय न्हवं मावशी?" म्हणाली आणि मीटिंगला पिरंगुटला निघून गेली. एकीला मागवेना, दुसरीला आपणहून देववेना.

श्रावणातल्या एका सकाळी अकरा वाजले आणि समोरून काहीच ऐकू आलं नाही. रंभाबाईचा हात सुपात थांबला. सुट्टी म्हणावी तर दार उघडं. डबा उचलून ती तशीच अनवाणी रस्ता ओलांडून गेली.

पोरं भिंतीशी रांगेत बसली होती. पुढ्यात घरून आणलेले चिंचोके, झाकणं. शुभांगीच्या जुन्या ओढणीची थैली हातोहात फिरत होती. गेल्या वर्षीची गौतमी, आता पाच वर्षांची, एका नव्या पोराला दटावत होती, "घाई करायची न्हाई. आदी हाताला इचार."

रंभाबाई दारातच थबकली. डबा तिनं पदराआड घेतला.

"या की मावशी," सुलक्षणा ताटं मांडता मांडता म्हणाली. "ह्या गौतमीनं शिकवलं बगा आमाला. सगळं ध्यानात ठिवलंय पोरीनं."

"मला बोलवायचं हुतं."

"येनार हुते. पर डबा तुमी घिऊन गेला. म्हनलं, रागावल्यात. आता कशाला तरास द्यायचा?"

डब्यासाठी तरी त्यांनी आपल्या दारी यावं म्हणून तो नेला, आणि त्या डब्यानंच सगळ्यांना दारापासून लांब ठेवलं. रंभाबाईला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"आजी, मदी उबं न्हाई ऱ्हायाचं," गौतमी म्हणाली. "रांगंत बस. नंबर आला की हात धुवायचे."

चार महिन्यांनी कोणीतरी आजी म्हटलं होतं. रंभाबाई गुडघे धरून रांगेच्या शेवटी, भिंतीला टेकून बसली. नळाशी पाणी वाजत होतं. तिच्या पुढं आता दोनच पोरं होती. ती उठली की आपण, मग खिचडी, मग रस्ता ओलांडून घर.

गौतमीनं थैली तिच्यापुढं धरली. "डोळे मीट."

रंभाबाईनं डोळे मिटले, हात आत घातला. कपड्यांचा चिमटा. बोट लागताच कळलं.

"सांग की, आजी. काय हाय?"

पुढचं पोर उठून नळाकडं गेलं.

"घाई करायची न्हाई," रंभाबाई डोळे न उघडता म्हणाली, आणि हात थैलीतच राहू दिला.