जास्तीचं पाणी

देवमनने चिमूटभर माती जिभेच्या टोकावर ठेवली आणि डोळे मिटले. खारट लागली नाही. तुरटही नाही. नुसती माती होती. त्याने ती थुंकून टाकली, रुमालाने तोंड पुसलं आणि समोरच्या कडूलिंबाच्या रोपाकडे पाहिलं. पानं पिवळी पडून खाली लोंबली होती.

"काय मास्तर, घरी भाजी नाही केली काय आज?"

बाभळीच्या काट्यांच्या कुंपणापलीकडून जगदेव बैल घेऊन चालला होता.

"मीठ हाये का पाहून राह्यलो," देवमन म्हणाला.

"मंग? सापडलं?"

"नाही."

"सापडलं तर आमच्या घरी पाठवा. आमचं सरलं हाये." जगदेव हसला, पण दोन पावलं गेल्यावर थांबला. "मीठ कोणी टाकलं असन, असं वाटलं तुमाले?"

देवमन पुन्हा रोपाकडे वळला. जगदेवने बैलाच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच, आणि तो निघून गेला.

हे पटांगण वाशिमच्या एका टोकाला, पाटील गल्ली आणि बौद्धांची वस्ती यांच्या मधोमध होतं. पूर्वी इथे जगदेवचे बैल बसत आणि दोन्हीकडचा कचरा पडे. पालिकेने तिथे गोदाम बांधायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचे लोक एका बाजूला आले. गल्लीला ट्रकांचा धुरळा नको होता आणि गोदामाच्या भिंतीमुळे वस्तीचा बाजाराकडचा रस्ता बंद होणार होता. वस्तीतला पहिला बी.एस्सी. आणि शाळेत विज्ञान शिकवणारा देवमन अर्ज घेऊन पालिकेत गेला. तिथले साहेब म्हणाले, "झाडं लावा. दसऱ्यानंतर मी येतो. जगली असतील तर बाग. नसतील तर पाया खोदायला घेऊ."

श्रावणात दोन्हीकडच्या लोकांनी खड्डे खोदले. कडूलिंब, करंज, चिंच, आणि वस्तीच्या बाजूला एक पिंपळ. तो देवमनच्या आईने, लिलाबाईने, आपल्या हाताने लावला. पुढे पावसाने उघडीप दिली, तेव्हा पाण्याच्या पाळ्या ठरल्या. एक दिवस गल्लीचा, एक दिवस वस्तीचा. एकत्र कोणी आलं नाही, आणि एकत्र यायचं असं कोणी सुचवलंही नाही.

आता दसरा तोंडावर आला होता आणि झाडं माना टाकत होती.

"गल्लीवाल्यायनंच काहीतरी केलं," लिलाबाई चुलीपुढे बसून म्हणाली. "आपला रस्ता बंद झाला तर त्यायचं काय जाते?"

"मातीत काही नाही, आई. मी चाखून पाह्यली."

"माती चाखली? बी.एस्सी. करून?"

"तपासायला दुसरं काय होतं?"

"आणि मानसं? ते काय चाखून समजतात?" तिने भाकरी उलटली. "दुष्काळात समजले मले."

पुढचं देवमनला ठाऊक होतं. वस्तीची विहीर आटली त्या उन्हाळ्यात लिलाबाई घागर घेऊन पाटील गल्लीतल्या विहिरीवर गेली होती. तिथे पाणी होतं. जगदेवची आई तुळसाबाई बाहेर आली, काही न बोलता तिने दोर गुंडाळला आणि घरात नेला. लिलाबाई बराच वेळ उभी राहिली. मग रिकामी घागर डोक्यावर घेऊन, भरलेली असावी तशी मान ताठ ठेवून, ती वस्तीत परतली.

दुसऱ्या दिवशी पाळी गल्लीची होती. देवमन पहाटे उठून पटांगणाच्या कडेला, मोडक्या छकड्याआड जाऊन बसला. कोण काय टाकतं ते त्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

तांबडं फुटायच्या आत एक बाई आली. कमरेवर घागर. एकेका रोपापाशी वाकून ती पाणी ओतत गेली. देवमनने चाल ओळखली.

"आई!"

लिलाबाई दचकली, पण घागर सुटली नाही. "काहून लपून बसला रे?"

"आज त्यायची पाळी हाये."

"माहीत हाये. त्यायच्या पाळीवर भरोसा ठिवू काय मी? रोज घालतो आमी बाया. तुले सांगितलं नाही, तू नियम सांगत बसतोस म्हणून."

ती गेली आणि जगदेव दोन बादल्या घेऊन आला. पाळी त्याचीच होती. देवमन छकड्याआडून बाहेर आला आणि त्याने सरळ विचारलं, "जगदेवभाऊ, आमच्या पाळीच्या दिवशीबी घालता काय पाणी?"

जगदेवने बादली खाली ठेवली. चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "संध्याकाळी. तुमच्या पोट्ट्यायचा काय नेम? पानं पाहा कशी सुकून राह्यली."

मागोमाग तुळसाबाई आली. हातात पितळेचा तांब्या. दोघांकडे न पाहता ती पटांगण ओलांडून गेली, वस्तीकडच्या पिंपळाच्या आळ्यात तांब्या रिता केला आणि आली तशी परत फिरली.

"रोज येते," जगदेव हळूच म्हणाला. "तिथंच घालते. काहून ते मले सांगत नाही."

देवमनने मनात हिशोब केला. शाळेतून येताना रोज एक बादली तोही ओतत होता. ना गल्लीचा भरवसा होता, ना वस्तीतल्या पोरांचा. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्याने फावडं आणलं आणि सगळ्यांत वाळलेला कडूलिंब उपटला. रोप ओढायचीही गरज पडली नाही, चिखलातून आपसूक वर आलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती. वास डबक्यासारखा येत होता. खड्ड्यात हळूहळू पाणी झिरपून साचलं. काळ्या मातीतला खड्डा म्हणजे टाकंच. आत गेलेलं पाणी जाणार कुठे? तहानेने मरणाऱ्या झाडाची पानं लोंबतात आणि बुडणाऱ्याचीही तशीच लोंबतात, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. पण दुष्काळ पाहिलेल्या माणसांना लोंबलेल्या पानाचा एकच अर्थ ठाऊक होता. त्यालाही तोच ठाऊक होता.

संध्याकाळी दोन्हीकडचे लोक जमले. देवमनने ते रोप हातात धरून सांगितलं, "मुळं श्वास घेतात. मातीत हवा लागते. आपण सगळ्यायनं मिळून त्यायले बुडवलं. मी पण."

"म्हंजे झाड पाण्यानं मेलं?" जगदेवने विचारलं. "वाशिमात? दुष्काळाले दोन सालं नाही झाली अजून!"

आधी मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग वस्तीतल्या बायका हसल्या, मग गल्लीतली माणसं. लिलाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

ठरलं असं की प्रत्येक खड्ड्यापासून नालीपर्यंत चर काढायचा, आणि देवमन सांगेपर्यंत कोणी थेंबभरही पाणी घालायचं नाही. पाळ्या ठरवायला आता वेळ नव्हता. सगळेच एकदम कामाला लागले.

सकाळी लिलाबाई पिंपळापाशी चर खणत होती. ऊन वर आलं होतं. तुळसाबाई तांब्या घेऊन आली आणि आळ्यापाशी वाकली.

"काकू, नाही," देवमन म्हणाला.

"एक तांब्याबी नाही?"

"एकबी नाही."

तुळसाबाई सरळ झाली. पाणी कुठेही ओतून देता आलं असतं, जमीन चहूकडे होती. पण ती भरला तांब्या दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली.

"मंग याचं काय करू मी?" ती म्हणाली. देवमनला विचारलं होतं, पण त्याच्याकडे पाहून नव्हे.

लिलाबाईने फावडं टेकवलं. कपाळाचा घाम मनगटाने पुसला. "आना इकडं. मले लागली तहान."

तुळसाबाईने सवयीने तांब्या उंच केला, वरून धार सोडायला. लिलाबाईने ओंजळ पुढे केली नाही. तिने एक हात पुढे केला, मातीने भरलेला, तांब्या घ्यायला. फावड्यांचे आवाज कमी झाल्यासारखे देवमनला वाटले. त्याने मान खाली घातली आणि उगाच ढेकळं फोडत राहिला.

तांब्या हातातून हातात गेला. लिलाबाई तोंड लावून प्यायली, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामा तांब्या तिने परत दिला. तिच्या बोटांची काळी माती पितळेला लागली होती.

गल्लीच्या तोंडाशी राखेचा ढीग होता, गल्लीतल्या बायका तिथे भांडी घासत. तुळसाबाई त्या ढिगाजवळून गेली. थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कमरेवर भरली घागर घेऊन आली. देवमनने तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "झाडाले नाही, मास्तर." घागर तिने मोडक्या छकड्याच्या सावलीत ठेवली आणि तांब्या वर पालथा घातला. "खोदनारे लय हायेत."

दसरा झाल्यावर साहेब आले. काही रोपं गेली होती, त्यांच्या जागी नवी लावली होती. उरलेल्यांनी मान वर काढली होती आणि पिंपळाला तांबूस, ओलसर चकाकीचं एक पान फुटलं होतं. साहेबांनी बुटाने माती उकरून पाहिली.

"कोरडी आहे. पाणी घालत नाही का कोणी?"

"नाही साहेब," जगदेव छाती काढून म्हणाला. "मुळायले श्वास घेऊ देऊन राह्यलो आमी."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पिंपळाच्या पानाकडे. "बरं. राहू द्या जागा झाडांना. गोदामाचं दुसरीकडे पाहतो."

ते गेल्यावर जगदेव कोणाकोणाला ती 'श्वासाची' गोष्ट पुन्हा सांगत सुटला. सांगता सांगता त्याने हात पुढे केला. घागरीपाशी बसलेल्या लिलाबाईने तांब्या भरून दिला. तो गटागटा प्यायला आणि गोष्ट पुढे चालू झाली. आपण काय केलं, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. पलीकडे तुळसाबाई बसली होती. तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती पिंपळाकडे पाहू लागली.

दिवेलागणीला पटांगण रिकामं झालं. घागरीवर तांब्या तसाच राहिला होता. देवमनने तो उचलला आणि गल्लीत जाऊन तुळसाबाईच्या ओट्यापाशी उभा राहिला.

"काकू, तांब्या राह्यला."

ती दिवा लावत होती. तिने वात नीट केली, काडी विझवली.

"तिथंच घागरीवर ठेव," ती म्हणाली. "उद्या लागन."