वेळेवरची दिवाळी

आमच्या घरी दिवाळी कॅलेंडर पाहून कधी आलीच नाही. माझा नवरा मधु जहाजावरून उतरला की ती यायची. बोटीवरच्या माणसाची सुट्टी कंपनीच्या हातात, त्यामुळे कधी फेब्रुवारीत, कधी ऐन मे महिन्यात मी सोऱ्या काढायचे आणि घामाघूम होऊन चकल्या पाडायचे. बिल्डिंगमधले आधी हसले, मग सरावले. आमच्या गॅलरीत कंदील दिसला की मानपाडा रोडवरचा इस्त्रीवालासुद्धा मधुचे शर्ट न्यायला हजर व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी तांबड्या समुद्रात त्याच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. मधु सेकंड इंजिनियर, खाली इंजिनरूममध्ये होता. कोण कुणाशी लढतंय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं, जहाजात गहू होता. बाकीच्यांना वाचवलं. मधु सापडला नाही आणि जहाज बुडालं. कंपनीचा माणूस घरी येऊन ‘मिसिंग’ म्हणाला, आणि मी त्या एका शब्दाला धरून बसले. तो गेला असं जे जे म्हणाले त्यांच्याशी मी बोलणं टाकलं, सख्ख्या दिरासकट. फोटोला हार घालू दिला नाही. राहिलेल्या दिवाळ्या बाबा आला की एकदम करू, असं लेकीला सांगत राहिले.

यंदा ऋजुता म्हणाली, “आई, माझ्याही दिवाळ्या गेल्याच ना गं.”

भांडली असती तर मी तिला गप्प केलं असतं. पण ती भांडली नाही. कंदील लावला, तर मधु आता येणार नाही हे मी कबूल केल्यासारखं होणार होतं, आणि ते तिलाही कळत होतं. दिवसभर मी चिडचिड केली, दूध उतू घालवलं, आणि वसुबारसेला स्टूल ओढून माळ्यावरून कंदिलाचा खोका काढला.

संध्याकाळी घरोघरी कंदील लागले, त्यात आमचाही. लग्नानंतर पहिल्यांदाच आमची दिवाळी सगळ्यांबरोबर होती, आणि इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

बेल वाजली. दारात समोरच्या विंगेतल्या विमलाबाई. ऐंशी उलटलीय, हल्ली त्यांच्या बरंचसं लक्षात राहत नाही. कंदील तेवढा ओळखला होता. तो पाहून जिने उतरून, पुन्हा आमचे जिने चढून आल्या होत्या. हातात वाटीभर लिंबाचं लोणचं. मधु आला की त्या हटकून आणायच्या. माझ्या खांद्यावरून त्या आत बघत होत्या.

“मधु आला ना गं?”

पाठीमागे ऋजुताच्या हातातली रांगोळीची चाळण थांबली. दोन वर्षं हा प्रश्न मी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता.

“नाही, काकू,” मी म्हणाले. “तो आता यायचा नाही. यंदा नुसती दिवाळी आलीय.”

वाटी मात्र मी घेतली.