मोठी अक्षरं

आईच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हापासून मारेताच्या घरातली सांजेची प्रार्थना टीव्हीसमोर होऊ लागली. भजनांचं पुस्तक आणि बायबल, दोन्ही मारेताच्या फोनमध्ये होती. राजधानीत, आपियाला शिकणारी लेक नाताळात घरी आली तेव्हा तिने एक तार आणली, एक टोक फोनला लावलं, दुसरं टीव्हीच्या पाठीत खुपसलं, आणि फोनवर जे दिसे ते जसंच्या तसं टीव्हीवर दिसू लागलं. फोनमधली अक्षरंही तिने इतकी वाढवून दिली की एका वेळी चारच ओळी मावत. त्या दिवशी दोन वर्षांनी आईने स्तोत्र स्वतःच्या तोंडाने वाचलं. वाचताना तिचा आवाज कापत होता आणि सगळं घर गप्प बसून ऐकत होतं. मग तो नेमच झाला. गावचा सांजेचा शंख वाजायच्या आधी मारेताने तार जोडायची आणि आईने खुर्ची पुढे ओढायची.

एक गोष्ट लेक सांगायची विसरली आणि मारेताने विचारली नाही. फोनवर कुणाचा निरोप आला की तोही टीव्हीवर वरच्या बाजूला उमटे, तसाच मोठ्या अक्षरांत. तो कसा अडवायचा हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आजवर त्यावाचून अडलंही नव्हतं.

आज सोमवार. तार जोडून मारेता मागे सरते न सरते तोच अंगणातून गाडीचा आवाज आला आणि दारात फेलेती उभा राहिला. तिच्या धाकट्या बहिणीचा, लानुचा नवरा. पांढरा सदरा, केस विंचरलेले, काखेत गुंडाळी केलेली एक जुनी, बारीक विणीची चटई.

तीन आठवड्यांपूर्वी लानु पहाटेची मागच्या दाराने आली होती. उजवा हात मनगटापासून लोंबत होता, डाव्या कडेवर तीन वर्षांची तिरेसा. हात फेलेतीने मोडला होता, आणि हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. घर जागं व्हायच्या आत मारेताने तिला पलीकडच्या सवाई बेटावर, एका विधवा मास्तरीणबाईंकडे पोहोचवलं. आईला सांगितलं की रुसून मैत्रिणीकडे गेली आहे. आईचं म्हणणं ठरलेलं होतं, भांड्याला भांडं लागायचंच, बाईने घर सोडू नये. नवऱ्याला, पेनीला, तर काही सांगायची सोयच नव्हती. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजत नसे. ऑकलंडच्या मामेबहिणीने लानुचे तिकडे यायचे कागद केले होते. आता तिकिटाचा दिवस तेवढा कळायचा होता.

आणि फेलेती धक्क्यावर मालाची गाडी चालवी. सवाईची प्रत्येक बोट त्याच्या डोळ्यांसमोर लागे. सापडली तर दुसरा हातही शाबूत ठेवणार नाही, असं तो दुकानात चार माणसांत बोलला होता.

लानु रोज सांजेला निरोप धाडी. एरवी तो शंखाच्या आधी येई, मारेता वाचून पुसून टाकी. आजचा अजून आला नव्हता.

पेनीने आनंदाने हात पुढे केला. "या साडू. वाट चुकलात की काय?"

फेलेती हसला नाही. आईच्या पायाशी खाली बसून हलक्या आवाजात म्हणाला की चुकलो, माफी मागायला आलोय, लानुला घेऊन जायला आलोय. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मारेता टीव्हीकडे सरकली. तारेला तिचं बोट लागलंच होतं, तेवढ्यात आई म्हणाली, "ते काय काढतेस? मी वाचू कशातून?"

"आज फोन जरा तापलाय, आई."

"तापू दे. पाहुणा आलाय, आज तर नीट झाली पाहिजे प्रार्थना."

आणि शंख वाजला.

शंख वाजला की गाव जिथल्या तिथे थांबतं. रस्त्याच्या कडेला गावची तरणी पोरं अंतराअंतरावर उभी राहतात. त्या वेळात जो चालेल, ज्याच्या घरात कुणी उठलेलं दिसेल, त्याला पंचांपुढे उभं राहावं लागतं. दुसरा शंख होईपर्यंत बसलेल्याने बसूनच राहायचं. मारेताच्या घराला रस्त्याच्या बाजूने भिंत नव्हती, नुसते खांब होते.

ती मांडी घालून बसली. फोन टीव्हीखालच्या फळीवर, तिच्यापासून चार हातांवर. फेलेती पाहुणा म्हणून मानाच्या जागी, पडद्याच्या अगदी समोर.

भजन सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला पडद्यावर टिंग वाजलं आणि वरची ओळ झाकली गेली. चर्चच्या महिला मंडळाचा निरोप होता, शनिवारी अननस कोण आणणार. आईची ओळ चुकली. पेनी गाता गाता पुटपुटला, "आपण नाही, सांगून टाक." फेलेतीने मान वर करून तो निरोप शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मारेताने ते पाहिलं.

देवा, आज तिला विसर पडू दे. आजचा एक दिवस तिच्या फोनला काही होऊ दे. भजन तोंडाने चालू होतं आणि आत हे. असलं मागणं मागायचं नसतं हे तिला कळत होतं, तरी तेच मागत राहिली.

अध्याय आईने वाचला. बोट हवेत फिरवत, शब्दाशब्दाला थांबत. प्रत्येक ओळीनंतर मारेताला वाटे, आता. अध्याय संपला. पेनीने रीतीप्रमाणे पाहुण्याला विनवलं, आज प्रार्थना तुम्ही सांगा. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले.

मारेताने मिटले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ती प्रार्थनेत उघड्या डोळ्यांनी बसली.

फेलेतीचा आवाज चांगला होता. त्याने देवाचे आभार मानले, समुद्रासाठी, पावसासाठी, या घरासाठी. मग बायकोचं नाव घेतलं. तिला वाट दाखव, म्हणाला. माझ्या घरी आण. पापण्यांखालून पाणी गालांवर उतरलं.

टिंग.

"ताई, जेवलो. तिरेसा झोपली."

चार हातांवर, पांढऱ्यावर काळं. मारेता फेलेतीच्या पापण्यांकडे बघत राहिली. मिटलेल्या होत्या. ओळ आली तशी हळूहळू विरली. आता तिला एकच हवं होतं, या माणसाची प्रार्थना संपू नये. ज्याच्या आवाजाने तीन आठवडे तिची झोप उडवली होती, तो आवाज असाच चालू राहावा. पाहुण्याने गावासाठी मागावं, पाद्रीबाबांसाठी मागावं, आजारी माणसांची नावं घ्यावीत. पण फेलेती शेवटाकडे वळला होता. "हे सगळं आम्ही मागतो..."

टिंग.

"उद्या पहिल्या बोटीने येते. विमान बाराचं. धक्क्यावर तू ये, एकटी ये."

फेलेती "मागतो" या शब्दावर अडकला. हुंदका आला असावा.

मारेताने मान वळवली आणि तिला आई दिसली. आईचे डोळे सताड उघडे होते. बोट मघासारखंच हवेत, पडद्यावरच्या ओळीखाली फिरत होतं. धक्क्यावर. तू ये. एकटी ये. मग त्या बोटाची मूठ झाली आणि आईने मारेताकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता, कुणापासून पळतेय गं ती? आईला तोवर हात मोडल्याचं माहीत नव्हतं. मारेताने स्वतःचं उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि फेलेतीकडे नजर टाकली. आईला एवढं पुरलं.

फेलेतीने आमेन म्हणायला तोंड उघडलं त्याआधीच आईचा आवाज आला. "डोळे मिटलेलेच राहू द्या. माझं मागणं राहिलंय." आणि ती मागू लागली. मेलेल्या नवऱ्यासाठी मागितलं, डुकरांसाठी मागितलं, महिला मंडळाच्या अननसांसाठी मागितलं. तिचा आवाज चढत गेला, आणि त्या आवाजाखाली मारेता गुडघ्यांवर रांगत फळीपाशी गेली. रस्त्यावरचा पहारेकरी पाठमोरा होता. तार ओढली. पडदा निळा झाला. परत येऊन बसली आणि तिने फेलेतीकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. हात मांडीवर, बोटं एकमेकांत घट्ट.

दुसरा शंख झाला. जेवण वाढलं. रीतीप्रमाणे पाहुणा आधी जेवला, मारेता समोर बसून माशा वारत राहिली. त्याने अळूची भाजी पुन्हा मागून घेतली. निळ्या पडद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आईंची सोय छान केलीत. लांबून वाचता येतं." मारेताच्या हातातला पंखा थांबला. पेनी म्हणाला, लांबून काय साडू, रस्त्यावरच्या पोरांनाही आमचं भजन पाठ झालंय.

याने वाचलं होतं की नव्हतं?

हात धुऊन फेलेती म्हणाला की निघतो, पहाटे धक्क्यावर कामाला जायचंय. तेव्हा आई बोलली, अगदी मऊ आवाजात.

"उद्या कामाला नाही जायचं, बाळा. माफी मागायला आलास ना? चटईही आणलीस. मग रीतीने माग. इफोगा कर."

इफोगा म्हणजे अपराध्याने पहाटेपासून ज्याचा अपराध केला त्याच्या अंगणात खाली बसायचं, डोक्यावरून चटई ओढून. घरच्यांनी येऊन चटई उचलली तर माफी. तोवर हलायचं नाही. पेनीला भरून आलं. शाबास आई, म्हणाला, आणि आत्ताच पंचांना सांगून येतो म्हणून उठला देखील. आता गाव बघणार होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. फेलेती बराच वेळ चटईकडे बघत राहिला. मग त्याने मान डोलावली.

पहाटे मारेताने खांबाआडून पाहिलं. अंगणात चटईचा ढीग होता. आत तोच होता का? तिने पायाची बोटं शोधली, चटईच्या काठाखाली दिसली. तरी ती पुन्हा पुन्हा येऊन बघत राहिली. धक्क्यावर ती जाऊ शकत नव्हती. ती घरात दिसली नाही तर चटईखालच्या माणसाला काय वाटेल, असं आईचं म्हणणं. लानुला एवढंच कळवलं की त्याची गाडी नसेल धक्क्यावर, एकटीच ये, बसने विमानतळावर जा.

आई खुर्ची घेऊन दारात बसली होती.

"मला आधी सांगितलं असतंस तर," ती म्हणाली.

"तू परत पाठवली असतीस, आई."

आईने अंगणातल्या चटईकडे पाहिलं. मग म्हणाली, "देवाच्या रीतीने खोटेपणा करतेय मी. तो विचारील तेव्हा सांगेन त्याला."

ऊन चढलं. गावातली माणसं येऊन लांब उभी राहत, जात. चटई हलली की मारेता खांबापाशी येऊन उभी राही. नऊला पहिली बोट लागली असेल. दहाला निरोप आला, बस मिळाली. मग काहीच नाही. अकरा. साडेअकरा. चटईखालून खोकला ऐकू आला. बारा वाजून गेले, आकाश कोरडंच. काही अडलं असेल का, कागद, तिकीट, दारावरचा शिपाई? आईने माळेच्या मण्यांसारखी बोटं मोजली आणि पुन्हा मोजली.

सव्वाबाराला आवाज आला. विमान डोंगराच्या अंगाने वर चढलं, घरावरून समुद्राकडे वळलं. चटईचा मधला भाग हळूच उचलला गेला, आतल्या माणसाने मान वर केल्यासारखा, आणि आवाजामागे वळत राहिला, अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत.

आई उठली. मारेताच्या खांद्याला धरून अंगणात गेली आणि तिने चटई उचलली. फेलेतीचा चेहरा घामाने थबथबला होता. त्याने आईकडे पाहिलं नाही. मारेताकडे पाहिलं.

"बसली का ती?" त्याने विचारलं.

आईने चटई बाजूला टाकली. फेलेती उठला, पाय आखडले होते, एकदा पडता पडता सावरला. चटई तिथेच राहू देऊन तो बघ्यांमधून रस्त्याकडे चालू लागला, आणि तो वळणाआड जाईपर्यंत मारेता आईला घट्ट धरून उन्हात उभी होती.